न दिलेला फोटो

माझे दुकान घाटकोपर पश्चिमेला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्याच्या अगदी पायथ्याशी आहे. वर वस्ती आणि पुनर्वसनाच्या उंच इमारती, खाली जुन्या सोसायट्या. कागद दोन्हीकडच्या माणसांना सारखेच लागतात. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, थोडीफार छपाई, एवढाच माझा व्यवसाय. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी हा आठ बाय दहाचा गाळा घेतला आणि मला म्हणाले, "लोकांची कामं अडवू नकोस, दुकान चालेल." मी ते वाक्य फार निष्ठेने पाळले. माझी चूक त्या निष्ठेच्या पोटातच वाढली, असे आता वाटते.

टेकडीवरून येणारा माणूस हमखास एखादा कागद घरी विसरतो. गुडघे धरून उतरलेल्या म्हातारीला "आधार कार्ड राहिलं, परत वर जा" असे सांगणे मला कधी जमले नाही. म्हणून मी एक पद्धत पाडली. दुकानात एकदा आलेला कागद मी स्कॅन करून ठेवून घेऊ लागलो. इमारत, मजला, माणसाचे नाव अशा क्रमाने सारे फोल्डर दुकानाच्या मोबाइलमध्ये लावले, म्हणजे काउंटरवर उभ्याउभ्या हवे ते सापडावे. "कागद नाही आणलात? असू दे, आहे माझ्याकडे." हे म्हणताना मला जे सुख होई ते मी नाकारणार नाही. लोक म्हणत, "काका म्हणजे आमची तिजोरी." तिजोरीला कुलूप असते, हे त्यांना सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

टेकडीवरच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, एक बाई राहतात. त्यांना मी वहिनी म्हणतो, कारण त्यांचे यजमान माझ्या ओळखीचे होते. ते गेल्यानंतर वहिनींनी सासूबाईंच्या हाताखाली शिकलेल्या पदार्थांवर संसार उभा केला. आधी गणपतीतले मोदक, मग दिवाळीचा फराळ. खालच्या सोसायट्यांतली कितीतरी घरे त्यांच्याच चकल्यांवर दिवाळी करू लागली. त्यांचे पहिले पत्रक मी छापले. अन्न परवान्याचा अर्ज मी भरला. डब्यांवर चिकटवायचे पत्त्यांचे स्टिकरही माझ्याकडेच होत. त्यासाठी त्या दर दिवाळीला ग्राहकांची यादी, मोबाइल नंबरांसकट, मला पाठवत. ती यादीही अर्थातच मी ठेवून घेई.

परवान्याच्या अर्जाला फोटो हवा होता. गाळ्याच्या मागच्या भिंतीवर मी एक पांढरा पडदा लावला आहे. त्याच्यापुढे स्टुलावर वहिनी बसल्या. नवी साडी नेसून आल्या होत्या, आणि कॅमेरा समोर आला की काही माणसांना येते तसे हसू त्यांच्या ओठांवर येऊ लागले होते.

मी म्हटले, "हसू नका वहिनी. सरकारी कागदाला हसलेलं चालत नाही."

"का हो भाऊ? सरकार रडतंय वाटतं?" त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर अशा खळखळून हसल्या, की माझे बोट नेमके त्याच क्षणी बटणावर पडले. मग पदर सारखा करून त्या गंभीर झाल्या आणि मी दुसरा फोटो काढला. अर्जाला तो दुसरा लागला. पहिला मी त्यांना दिला नाही आणि त्यांनीही मागितला नाही; निघालेला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. चांगला आला होता म्हणून मी तो पुसला नाही. तो जगात फक्त माझ्या दुकानात होता, मोबाइलमध्ये आणि संगणकात. पुढची सगळी गोष्ट या एका तपशिलावर उभी आहे.

दिवाळीला तीन-साडेतीन आठवडे उरले की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मिठाईच्या खोक्यांची लेबले, कंदीलवाल्यांची दरपत्रके, सोसायटीच्या दीपोत्सवाच्या पत्रिका. फाइली दुकानाच्या नंबरवर येतात, मी उघडतो, छापतो. माझा धंदाच मुळी दुसऱ्यांच्या फाइली उघडण्याचा. कोणाची, कशाची, हे विचारत बसलो तर संध्याकाळपर्यंत दहा गिऱ्हाइकेही होणार नाहीत. अशाच एका गर्दीत खालच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या नंबरवरून संदेश आला. दीपोत्सवाचे निमंत्रण, सोबत फाइल. दर वर्षी पत्रिका तेच छापून घेत. मी फाइल दाबली. मोबाइलने काहीतरी परवानगी मागितली, मी हो म्हटले. पुन्हा मागितली, पुन्हा हो. मग मोबाइलचा पडदा एकदा काळा होऊन पूर्ववत झाला आणि पत्रिका काही उघडली नाही. "सर, फाइल उघडत नाही, परत पाठवा," एवढे लिहून मी पुढच्या माणसाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "मी तुम्हाला काहीच पाठवलं नाही हो. माझ्याही मोबाइलवर अशीच एक पत्रिका आली होती. मी उघडली, आणि आता माझ्या नावाने गावभर जाते आहे."

शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा एक गृहस्थ बसतो. वयाने माझ्याहून बराच लहान, पण त्याच्या विषयात मी त्याचा शब्द मानतो. मी मोबाइल त्याच्यापुढे ठेवला.

"काका, ही पत्रिका नाय, अॅप आहे. परमिशन मागितली तेव्हा काय केलंत?"

"हो म्हटलं."

"किती वेळा?"

"तीन-चार वेळा विचारलं असेल."

"आणि चारही वेळा हो? लग्नात पण माणूस एवढ्या वेळा हो म्हणत नाय!" तो हसला. मग मोबाइल उलटसुलट करत त्याने विचारले, "ह्याच्यात काय काय होतं?"

मी सांगितले. त्याचे हसू मावळले.

"मोबाइल मी पुसून देतो. पण गेलं ते गेलं समजा. आजच्या आज सगळ्यांना कळवा, काका. तुमचे कागद बाहेर गेलेत, बँकेच्या खात्यावर लक्ष ठेवा, तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या नावाने नव्या नंबरवरून मेसेज आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करून विचारा. एवढं सांगितलं तरी पुष्कळ लोकं वाचतील."

मी मान हलवली. "सांगतो" असेही म्हटले. त्याने मोबाइल पुसून दिला. कागदांची एक प्रत दुकानाच्या संगणकात होती, ती पुन्हा मोबाइलमध्ये घेऊन मी कामाला लागलो. आणि मी कोणालाही सांगितले नाही.

का नाही सांगितले, याची उत्तरे मी त्या दिवसांत स्वतःला रोज नवी देत होतो. खरेच काही गेले असेल याला पुरावा काय? उगाच म्हाताऱ्या माणसांना घाबरवायचे कशाला? सणासुदीचे दिवस आहेत. यातले शेवटचे उत्तर सर्वांत खरे होते, फक्त त्यातला सण माझा होता. या तीन आठवड्यांवर माझे अर्धे वर्ष चालते. ज्या दुकानातून कागद चोरीला गेले, त्या दुकानात कोण पाऊल ठेवील? मी स्वभावाने हळू बोलणारा माणूस आहे. लोक त्याला सज्जनपणा समजतात. त्या दिवसांत मला कळले, की हळू बोलणाऱ्याला गप्प बसणे फार सोपे जाते. फरक कोणाच्या लक्षातच येत नाही.

सहाव्या दिवशी दुपारी वहिनी दुकानात आल्या. मनगटाला बेसन तसेच होते, धुवायचेही सुचले नव्हते.

"भाऊ, हे बघा हो काय झालंय." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

अनोळखी नंबरावरचा संदेश होता, त्यांच्या एका ग्राहकाने त्यांना पुढे पाठवलेला. 'हा माझा नवा नंबर. यंदा ऑर्डरी फार आहेत, आगाऊ रक्कम भरणाऱ्यांचा फराळ आधी.' खाली पैसे भरण्याचा कोड, आणि विश्वास बसावा म्हणून अन्न परवान्याची व आधार कार्डाची प्रत. संदेशाच्या वर, छोट्याशा गोलात, वहिनींचा फोटो. त्यात त्या खळखळून हसत होत्या.

"चौदा घरांनी पैसे भरलेत," त्या सांगत होत्या. "सकाळी एक बाई दारात आली, म्हणते आमचा डबा तयार झाला का? मी म्हटलं कसला डबा? तर म्हणते, पैसे घेताना बरी ओळख होती! भाऊ, नाव माझं, कार्ड माझं, परवाना माझा. लोकं कोणाला धरणार? आणि हा फोटो कुठला? मी असा दात काढून फोटो कधी काढला?"

माझ्या मागे तो पांढरा पडदा लटकत होता. त्या पडद्याची एक चुणी फोटोतही दिसत होती. मला बोलायला एवढी मोठी संधी देवाने दुसरी दिली नसती. मी म्हणालो, "हल्ली कोणाचेही फोटो कुठूनही काढतात, वहिनी."

त्यांना नोटीस छापून हवी होती: 'माझा नंबर बदललेला नाही. कोणी आगाऊ पैसे भरू नयेत.' मी चांगल्या जाड कागदावर पन्नास प्रती काढल्या. त्या पैसे देऊ लागल्या तेव्हा मी हात जोडले. "राहू द्या. तुमच्यावर एवढी वेळ आली आहे." त्यांचे डोळे भरून आले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून, भाऊ," असे म्हणून त्या टेकडी चढू लागल्या. ते पन्नास कागद ही माझ्या आयुष्यातली सर्वांत नीच देणगी आहे.

पुढचे तीन दिवस मी ऐकत राहिलो. माझे दुकान म्हणजे ऐकण्याची जागा. "एकटी बाई, कोणीतरी नातलग असेल सामील," एकजण झेरॉक्स घेता घेता म्हणाला. "तिनेच केलं असेल, आणि आता नोटिसा लावते," दुसरा म्हणाला. "माझी बायको म्हणते, यंदा फराळ बाहेरून नको, घरीच करू." मी प्रती मोजून देत होतो. कोणी माझ्याकडे पाहून "काय काका, तुम्हाला काय वाटतं?" असे विचारले तर मी म्हणत असे, "बाई चांगली आहे." एवढ्यावर माझे धैर्य संपत असे.

माझ्या पत्नीला मी पहिल्याच दिवशी सारे सांगितले होते. नवव्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवताना तिने विचारले, "अहो, सांगितलंत का वहिनींना?"

"दिवाळी होऊ दे."

"कोणाची?"

मी चहाचा कप उचलला.

"तिची तर होत नाहीये," ती म्हणाली. "काल मंडईत दोघी तिच्यासमोर बोलून गेल्या. तिने भाजीची पिशवी तिथेच ठेवली आणि घरी गेली. आणि तुम्ही सांगता, दिवाळी होऊ दे!"

त्या दिवशी मी दुकान उघडले नाही. टेकडी चढून गेलो. लिफ्ट बंद होती. चार जिने चढताना मी वाक्ये जुळवत होतो आणि प्रत्येक मजल्यावर ती थोडी सौम्य होत होती. चौथ्या मजल्यावर चकल्यांचा खमंग वास जिन्यापर्यंत आला होता. दार उघडेच होते. वहिनी सोऱ्या दाबत होत्या. सासूबाई भिंतीला टेकून करंज्यांच्या कडा कातत होत्या.

"कोण इलो गो?" त्यांनी विचारले. त्यांना कमी ऐकू येते.

"झेरॉक्सवाले भाऊ!"

"बस म्हण तेका. करंजी दी एक."

वहिनींनी बशीत करंजी घालून माझ्यापुढे ठेवली. मी ती हातात घेतली नाही. म्हणालो, "वहिनी, तो फोटो माझ्या दुकानातला आहे." मग परवान्याचा दिवस सांगितला, ते सरकार रडण्याचे सांगितले, पत्रिकेची फाइल सांगितली. जिन्यात जुळवलेले एकही वाक्य उपयोगी पडले नाही.

वहिनींचा हात सोऱ्यावरच होता. अर्धी चकली कागदावर लोंबत राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"आज नववा दिवस."

"म्हणजे मी मोबाइल घेऊन आले तेव्हा..."

"माहीत होतं."

"काय म्हणता तो?" सासूबाईंनी विचारले.

वहिनी त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की समोरच्या दारातली बाई बाहेर आली. "म्हणता, माझो फोटो तेच्याच दुकानातसून गेलो! आणि तेका म्हायत होतां!"

म्हातारीने कातण खाली ठेवले. त्या रागावल्या नाहीत. खरोखरच माहीत करून घ्यायचे असल्यासारखे त्यांनी विचारले, "मगे इतके दिवस खंय होतो?"

इतके दिवस कुठे होतो, ते सांगण्याऐवजी मी म्हणालो, "झालेलं नुकसान मी भरून देतो." पैशांचे आम्ही पुढे मिटवले, त्याविषयी इथे लिहिण्यासारखे काही नाही, पण त्या क्षणी हे वाक्य बोलून मी पुन्हा पळवाटच शोधत होतो, आणि ते वहिनींना लगेच कळले.

"पैसे ठेव तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटले. "त्या चौदा घरांचा फराळ मी करतेय. पोरगी रजा टाकून आलीय पीठं मळायला. परवापासून लोकं डबे न्यायला येतील. काही डबे न्यायला, काही माझं तोंड बघायला. मी कोणाला काही समजावणार नाही. मी बोलले की लोकांना वाटतं ही सारवासारव करतेय. तू बस इथे दारात. प्रत्येकाला तूच सांग."

"दुकान..." मी म्हणालो.

"काय दुकान?"

परवा कितीला येऊ, एवढे मी विचारले.

त्याच दुपारी आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो आणि तक्रार नोंदवली. तिथल्या अंमलदारांनी शांतपणे सारे लिहून घेतले. हसऱ्या फोटोची प्रत त्यांनी मागितली, ती मी दिली. "सणाच्या दिवसांत असल्या तक्रारींची रांग असते," ते म्हणाले. "कळल्या दिवशी आला असतात तर पैसे वाटेत अडवता आले असते कदाचित." वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. दुपारनंतर मी फोल्डरमधल्या प्रत्येक नंबरवर संदेश पाठवायला बसलो. ते काम संपेपर्यंत दिवे लागले होते आणि लोकांचे फोन सुरू झाले होते.

मग तीन दिवस मी चौथ्या मजल्यावर, वहिनींच्या दाराबाहेर, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. सीझनचे सर्वांत मोठे तीन दिवस. शटरवर मी 'कौटुंबिक कारणामुळे बंद' असे लिहिणार होतो. पत्नीने माझ्या हातातून मार्कर घेतला आणि फक्त 'बंद' एवढेच लिहिले.

पहिले आले ते एक निवृत्त बँक कर्मचारी. जिन्याने दम लागलेला. मी उभा राहून सांगितले, "वहिनींच्या नावाने जे झालं, त्यात त्यांची चूक नाही. त्यांचे कागद माझ्या दुकानातून चोरीला गेले."

"म्हणजे माझं पॅन कार्डही तुमच्याकडे आहे?"

"होतं. संगणकातून, मोबाइलमधून, सगळीकडून पुसलं आहे."

"चोराकडचं पण पुसलंत का?" त्यांनी विचारले, आणि डबा घेऊन गेले.

एक तरुण मुलगी आली. "अय्या काका, तुम्ही? एवढे शांत असता हो दुकानात! वाट लावलीत ना पण!" ती हसतच म्हणाली, पण जाताना मोबाइल काढून बहुधा आपल्या बँकेचे खाते पाहत होती. एक गृहस्थ माझ्या अंगावर धावून आले. त्यांना समोरच्या बाईने आवरले. ज्या बाईने डबा मागायला दारात येऊन टोमणा मारला होता, ती मान खाली घालून आली. तिने माझे ऐकून घेतले आणि आत जाऊन वहिनींना म्हणाली, "माझंच चुकलं गं." वहिनी म्हणाल्या, "चिवडा घरी गेल्यावर पसर, गरम आहे अजून." एवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंचवीस-तीस माणसे होऊन गेली होती. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. तांब्या ठेवला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुला आता पाठ झालंय."

"काय?"

"कालपासून ऐकतेय. कागद माझ्या दुकानातून चोरीला गेले, असं म्हणतोस. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घरी चोरी झाली. दोन माणसं तर तुझीच कीव करून गेली. चोरी चोराने केली. तू काय केलंस ते सांग की."

मी खरोखरच चकित झालो. मला वाटत होते, की मी प्रायश्चित्त घेतो आहे. प्रत्यक्षात तीस माणसांसमोर तीस वेळा मी माझा मुख्य अपराध गाळून उरलेला सांगितला होता, आणि तो सांगताना हळूहळू मला हलकेही वाटू लागले होते. माझा मऊ आवाज पुन्हा माझ्या मदतीला आला होता.

त्यानंतर जिना चढून जे कोणी आले, त्यांना मी म्हटले, "कागद माझ्याकडून गेले. दुसऱ्याच दिवशी मला ते कळलं होतं. धंदा बुडेल म्हणून मी नऊ दिवस लपवलं. वहिनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तरी लपवलं." हे वाक्य पाठ होत नव्हते. प्रत्येक वेळी ते नव्याने म्हणावे लागे. ते ऐकून कोणी माझी कीव केली नाही. चौदाही घरांचे डबे गेले. नेहमीच्या ग्राहकांपैकी सातआठ घरे मात्र त्या वर्षी आलीच नाहीत. शेवटच्या संध्याकाळी वहिनींनी उरलेले सात डबे ओळीने ठेवले आणि लेकीला म्हणाल्या, "हे आपल्यालाच संपवायला लागणार." दिवाळीत त्यांच्या दारात कंदील लागला तो लेकीने लावला.

दुकान चालू आहे. निम्मे गिऱ्हाईक रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले, त्यातले काही परत आले. आता मी कोणाचा कागद ठेवत नाही. छापून झाले की संगणक गिऱ्हाइकाकडे वळवतो आणि फाइल त्याच्या डोळ्यांसमोर पुसतो. न सांगता आलेली फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करतो. आधारची प्रत कशासाठी दिली, ते प्रतीवरच लिहून द्यायला सांगतो. यामुळे रांग लांबते. परवाच एक आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आधी सगळं असायचं की रे तुझ्याकडे! आता परत वर चढू?" मी त्यांना स्टूल दिले, त्यांच्या घरी फोन लावला आणि कागद घेऊन कोणी खाली येईपर्यंत त्या बडबडत बसल्या.

गणपतीच्या आधी, बऱ्याच महिन्यांनी, वहिनी दुकानात आल्या. परवान्याचे नूतनीकरण होते. माझ्याकडे न बघता त्या सरळ मागे गेल्या आणि पांढऱ्या पडद्यापुढे बसल्या. त्या हसल्या नाहीत, आणि हसू नका असे मला म्हणावे लागले नाही. एकच फोटो काढला. प्रती निघाल्यावर मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि फाइल पुसली.

"ती टोपली पण रिकामी कर," त्या म्हणाल्या. "पोरगी सांगत होती, पुसलेलं तिथे पडून राहतं."

मी टोपली रिकामी केली.

"आणि तो?"

कोणता, ते विचारावे लागले नाही. सगळे पुसले असे मी जिन्यावर प्रत्येकाला सांगितले होते, पण तो एक फोटो मी ठेवला होता. पोलिसांना पुन्हा लागेल, असे स्वतःला सांगत होतो. "आहे," मी म्हटले आणि उघडून दाखवला.

वहिनी पुढे झुकून पाहत राहिल्या. कदाचित मोठा करून त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांना तो आजवर एका छोट्या गोलात, चोराच्या संदेशावरच भेटला होता.

"एक प्रिंट दे," त्या म्हणाल्या. "मग पूस."

मी प्रिंट काढली. फोटो पुसला, टोपली रिकामी केली, संगणक त्यांना दाखवला. त्यांनी ती प्रिंट परवान्याच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचे तोंड दोनदा दुमडले आणि कमरेची पर्स काढली.

"किती झाले?"

माझे हात जोडले जाणार होते. मी ते काउंटरवर ठेवले आणि दर सांगितला. फोटोचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. त्यांनी सुटे दिले आणि मी ते घेतले.